चकचकीत फरशीचा उतार

जोवेलिन घसरली ती थेट खालपर्यंत. ग्रंथालयासमोरच्या नव्या उतारावर तिने पहिलं पाऊल टाकलं, आणि दुसरं टाकायच्या आत पाय आपल्या मर्जीने पुढे निघाले. मागोमाग बसल्या बसल्या ती. खाली एक तरुण छत्री उघडत उभा होता. तिने त्यालाही उडवलं आणि तो छत्रीसकट तिच्या शेजारी येऊन बसला.

डोंगरावरच्या बागियो शहराचा बारीक, चिवट पाऊस दोघांना सारखाच भिजवत होता.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"लागलं का म्हणे! कुणी बांधलाय हो हा उतार? न्हाणीघरातली फरशी घातलीय गाढवाने! त्याला ना, इथूनच रोज सकाळ-संध्याकाळ खाली सोडला पाहिजे. डोकं पुढे करून!"

त्याने चिखलातून आपला चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर चढवला. मग अगदी हळू म्हणाला, "मी... मीच बांधलाय."

जोवेलिन त्याच्याकडे बघतच राहिली. लाज वाटायला हवी होती, पण ढोपर ठणकत होतं. "मग बरंच झालं पडलात ते!" ती म्हणाली.

त्याचं नाव क्रिसांतो. कॉलेजच्या बांधकाम विभागात नुकताच लागलेला इंजिनियर. तिची विखुरलेली पुस्तकं गोळा करताना त्याच्या हाती तिचा मेकॅनिक्सचा पेपर आला. उताराचं गणित, त्यावर लाल फुली. पाऊस अंगावर घेत तो ते वाचत उभा राहिला... आणि त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"हसू नका."

"हसत नाहीये. पण तुमचा ठोकळा उतारावर आपण होऊन वर चढतोय."

"काहीतरीच!"

"मग काय! वजन त्याला खाली ओढतंय एवढंसं, आणि तुम्ही घर्षणाला वर ढकलायला लावलंय दांडगं. जाईल ना बिचारा वर!"

"सूत्रच तसं आहे. घर्षणगुणांक गुणिले दाब."

"ती घर्षणाची शेवटची मर्यादा. ठोकळा जागचा हललाच नसेल तर घर्षण लागेल तेवढंच लावतं, कणभरही जास्त नाही. मर्यादा संपली की मग सुटतो."

वर्षभर वर्गात बसून जे कळलं नव्हतं ते भिजलेल्या अंगाने, ठणकत्या ढोपराने तिला कळलं. याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

मग ती रोज उपाहारगृहात त्याच्यासमोर वही आपटू लागली. नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा होता; या खेपेलाही गेला तर घरचे तिला मावशीच्या भाजीच्या गाळ्यावर बसवणार होते. क्रिसांतो दोन पेले गरम ताहो आणायचा, स्ट्रॉबेरीच्या पाकातलं सोयाबीनचं मऊ पनीर. शिकवताना त्याचा चष्मा नाकावर घसरायचा आणि जोवेलिनचं लक्ष गणितावरून उडायचं.

"कळलं का?"

"नाही, मनोंग. परत सांगा."

"मनोंग म्हणू नका. मोठा भाऊ वाटतो मी तुम्हाला?"

"मग काय म्हणू?"

त्याने चष्मा वर सारला... कान मात्र लाल झाले.

सगळं असं गोडीत चाललं असताना मनांग पासिता पडल्या. ग्रंथालयातल्या या मनांग, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताई, चाकांच्या खुर्चीतून यायच्या. उतार बांधला तो त्यांच्यासाठीच. उतरताना त्यांनी ब्रेक लावला होता. चाकं अडकली, फिरली नाहीत, तरी खुर्ची ओल्या फरशीवरून सरळ खाली गेली आणि भिंतीवर आपटली. मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. पावसात योग्य पादत्राणे घालावीत, निष्काळजीपणास कॉलेज जबाबदार नाही.

"पादत्राणं!" जोवेलिन बांधकाम विभागात शिरली ती ओरडतच. "मनांग चपला घालून खुर्ची चालवतात का? वर निष्काळजी त्याच!"

क्रिसांतोने कोठारातून त्याच उताराची एक उरलेली फरशी काढली आणि तिला दिली.

"तूच बघ," तो म्हणाला.

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. पण आज तिला त्याचं कौतुक करायला वेळ नव्हता.

दोघांनी फरशी ओली केली. त्यावर रबराचा तुकडा ठेवला, रबरावर वीट. मग जोवेलिनने फरशी एका बाजूने हळूहळू उचलली. तो कोनमापक धरून वाकला होता, तिच्या गालाला त्याचा श्वास लागत होता... आणि वीट सुटली. फार लवकर सुटली.

"वीट हलकी आहे म्हणून असेल," ती म्हणाली. तिने आणखी एक वीट वर ठेवली. फरशी पुन्हा उचलली; विटा सुटल्या, त्याच कोनाला.

"वजन वाढलं की ओढ वाढते, तसा फरशीवरचा दाबही वाढतो," तो म्हणाला. "म्हणून कोन बदलत नाही. मनांग असोत नाहीतर हत्ती."

"आणि आपल्या उताराचा कोन?"

"याहून जास्त आहे."

जोवेलिनने फरशी खाली ठेवली. "म्हणजे ओल्या उतारावर ती खुर्ची थांबणं शक्यच नव्हतं. कुणीही ब्रेक लावला असता तरी."

"हो."

"तुला हे आधी माहीत होतं?"

तो चष्मा पुसू लागला. "मी खरखरीत फरशी सुचवली होती. संचालकांना चकचकीत हवी होती, उद्घाटनाच्या फोटोसाठी. जागाही कमी दिली, म्हणून चढ वाढला. मी एकदा बोललो... ते म्हणाले, नोकरी नवी आहे ना तुझी?"

"आणि आराखड्यावरची सही?"

"माझी."

"तू सही केलीस?" तिचा आवाज चिरकला. "मला रोज घर्षण शिकवत होतास, ताहो पाजत होतास, आणि बाहेर माणसं पडत होती! मी पडले तेव्हा तरी बोलायचंस. रात्री झोप कशी लागते रे तुला?"

"जोवे, ऐक..."

"जोवे म्हणू नकोस मला!"

ती फरशी काखेत मारून निघून गेली. रस्ताभर रडली, आणि रडू येतंय याचाही तिला संताप आला. एखाद्या परक्याने सही केली असती तर नुसती शिवी देऊन मोकळी झाली असती, हे तिला चांगलं कळत होतं.

आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. विद्यार्थ्यांनी मात्र तिच्या पाठीशी उभं राहून संचालकांकडे बैठक मागितली. संचालक डुमलाओंच्या लखलखीत टेबलावर जोवेलिनने ओली फरशी ठेवली, रबर ठेवलं, वीट ठेवली.

"टेबल खराब होईल," डुमलाओ म्हणाले.

"मनांगचं मनगट खराब झालंय, सर."

"तुझं नाव बघितलं मी. मेकॅनिक्समध्ये नापास ना तू? आणि मला मेकॅनिक्स शिकवतेस?"

कुणीतरी फिसकन हसलं. जोवेलिनच्या कानशिलांत रक्त उसळलं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"ती नापास झाली, सर," क्रिसांतो उभा राहून म्हणाला. "मी पास झालो होतो, आणि तरीही मी सही केली. तो उतार चुकीचा आहे. फरशी चुकीची आहे, चढही चुकीचा आहे. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, पण हळू आवाजात. आता सगळ्यांसमोर सांगतो, आणि लिहूनही देतो."

त्याचा आवाज थरथरत होता. पण तो खाली बसला नाही.

उतार त्याच आठवड्यात बंद झाला. लांब, मंद चढाचा आणि खरखरीत फरशीचा नवा उतार बांधायचं ठरलं. कॉलेजने मनांग पासितांची माफी मागितली. क्रिसांतोला कामावरून काढलं. डुमलाओ जागच्या जागी राहिले, हे मात्र जोवेलिनला शेवटपर्यंत पचलं नाही.

तिने परीक्षा दिली. उताराचं गणित आलंच. ठोकळा जागचा हलला नाही. निकालाच्या सकाळी ती पास झाल्याची बातमी कुणाला सांगावी या विचारात होती, तोच फोनवर चार शब्द आले. "सान फर्नांडोला नोकरी. निघतोय."

ती पळतच बसस्थानकावर पोचली. बस धूर सोडत, थरथरत उभी होती. खिडकीशी क्रिसांतो, मांडीवर पिशवी. जोवेलिन तडक आत चढली.

"चार शब्द? अख्ख्या माणसाला चार शब्द?"

"तू बोलत नव्हतीस माझ्याशी..."

"मी रागावले होते! रागावलेल्या माणसाला मनवतात, गाव सोडून पळून जातात का?"

"मला वाटलं, तुला माझं तोंडही बघायचं नसेल."

"कुणाला विचारून वाटलं? आणि त्या बैठकीत सगळ्यांसमोर तसा उभा राहिलास, मग मी काय करायचं? रोज रात्री तेच आठवायचं?" तिचा श्वास संपला. "आणि मी पास झालेय, ते विचारलंस का?"

"झालीस?" त्याचा चेहरा असा उजळला की मागच्या बाकावरची आजीसुद्धा वाकून बघू लागली.

"झाले. पण तो मुद्दा नाही!"

"मुद्दा काय आहे, जोवे?"

"मुद्दा..." ती थांबली. "मुद्दा हा आहे की तू मला आवडतोस आणि मला त्याचा भयंकर राग येतो!"

क्रिसांतोने मांडीवरची पिशवी खाली ठेवली, सरकून शेजारची जागा केली आणि तिचा हात धरला. घट्ट.

"मला तर त्या पहिल्या दिवसापासून..." तो म्हणाला. "गाढव म्हणालीस ना, तेव्हापासून."

बस हलली होती. पाइनची झाडं मागे पडत होती, रस्ता वळणं घेत समुद्राकडे उतरायला लागला होता. जोवेलिनच्या हे लक्षात आलं ते कंडक्टर समोर येऊन उभा राहिला तेव्हा.

"तुम्ही कुठे उतरणार, मनांग?"

तिने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा क्रिसांतोकडे. हात काही सोडवून घेतला नाही.

"माझं भांडून होईल तिथे," ती म्हणाली. "तिथवरचं तिकीट फाडा."