एक मिनिट, चेहरा न दाखवता

“तुझे फॉलोअर किती?”

प्रश्न शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं, सरूनं लावून दिलेला. “हिंमत हाय तर त्या रंगाच्या बोटांवाल्याला विचार,” ती म्हणाली, आणि निशिगंधाच्या हिमतीवर कुणी बोट ठेवलं की संपलंच! पेणच्या हॉलमध्ये व्यवसाय अभ्यासक्रमाच्या पोरापोरींचं करिअर मार्गदर्शन शिबिर भरलं होतं. बाहेर श्रावणसरी पत्र्यावर ताल धरत होत्या, आणि ही बया दोन खुर्च्या ओलांडून थेट त्याच्यासमोर!

त्यानं वर पाहिलं. नखांत पिवळा रंग, आणि डोळे… शांत.

“अठ्ठावीस.”

“हजार?”

“नाय. नुसते अठ्ठावीस. त्यात माझी आत्याच दोनदा हाय. एका खात्याचा पासवर्ड विसरली ती.”

निशिगंधा इतकी हसली की पुढची रांग वळून बघायला लागली.

“माझे नऊ हजार नऊशे चाळीस.”

“मग इथं कशाला आलीस? मार्गदर्शन तूच कर ना.”

खरं तर ती आली होती बाबांच्या एका सहीसाठी. खांब गावाहून रोज रोह्याला जाऊन ती बारावीला इलेक्ट्रिकल शिकत होती. पण नाचाच्या रिल्स चालायला लागल्या आणि तिचं मन वायरींतून पार उडालं. कोर्स सोडायचा अर्ज दप्तरात तयार होता. “आधी शिबिर करून ये, मग बघू,” बाबा म्हणाले होते. दहा हजार झाले की अर्ज त्यांच्यापुढे धरायचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पण मार्गदर्शनाला आलेल्या रूथ मॅडम वेगळ्याच निघाल्या. “तुला बघतात किती, ते नंतर सांग गो बाळा. तुला येतं काय, ते आधी सांग.”

निशिगंधानं हातातला फोन मांडीवर उलटा ठेवला.

मग मॅडमनी जोड्या लावल्या. एका मिनिटाचा व्हिडिओ, जोडीदाराच्या कामाचा, आणि त्यात कुणाचाच चेहरा दिसायचा नाही! निशिगंधाची जोडी लागली त्या अठ्ठावीसवाल्याशीच. त्याचं नाव मिथुन.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या काकांच्या गणपतीच्या कारखान्यात पोचली. रांगेनं बसलेले बाप्पा, मुकुट झाले होते, पितांबरं झाली होती — डोळे मात्र कुणालाच नव्हते.

“ही आखणी,” मिथुन बारीक ब्रश उचलत म्हणाला. “डोळे काढायचे. श्वास रोखून. तू पण गप्प बस.”

“किती वेळ?”

“एका डोळ्यापुरतं.”

“मग मधे बोललं तर चालेल?”

“तू आत्ता पण बोलतेयस.”

ती गप्प झाली. फोनच्या पडद्यावर फक्त त्याचा हात… ब्रशचं टोक टेकलं, वळलं, आणि कोऱ्या पांढऱ्यावर नजर उमलायला लागली. निशिगंधाचाही श्वास अडकला. ब्रशमुळे की ब्रशवाल्यामुळे, कोण जाणे!

तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चमकलं — दहा हजार!

“झालेऽऽ!” ती किंचाळली.

मिथुन दचकला. काळी रेघ थेट भुवईत घुसली, आणि बाप्पा तिच्याकडे तिरके बघायला लागले.

“काय झालं रे?” पलीकडून कमळाकरकाका ओरडले.

“माझा हात हलला, काका.”

निशिगंधाला रडूच फुटायचं बाकी होतं. “खोटं का सांगितलंस?”

“हात माझाच हलला ना?” त्यानं डोळ्यावर पांढरा रंग फिरवला. बाहेर अंधारून आलं होतं. वर लुकलुकणाऱ्या ट्यूबकडे बघून त्यानं सुस्कारा सोडला. “सुकला तरी आता उजेड नाय. उद्याच्याला गिऱ्हाईक येणार या मूर्तीला.”

“मेन स्विच कुठे हाय?” निशिगंधानं डोळे पुसले. “आणि स्टूल दे.”

दप्तरातला टेस्टर वेणीत खोचून ती वर चढली, आणि तोंडाची टकळी सुरू झाली. “काका, ही तार बघा, नुसती टेकवून ठेवलीय! कुणी केलं हे? आणि अर्थिंगचा पत्ता नाय. ओल्या हातानं बटण दाबलंत, तर विसर्जनाच्या आधी तुम्हीच निघाल!”

काका पोट धरून हसले. ट्यूब लागली आणि लख्ख स्थिर राहिली. मग मिथुननं डोळा पुन्हा आखला. एक नाही, दोन्ही डोळे होईस्तोवर निशिगंधा गप्प होती. दहा हजारांचं तिनं कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

रविवारी हॉलमध्ये तिचा व्हिडिओ लागला. गाणं नाही, नाच नाही, फक्त एक हात आणि उघडणारा डोळा. मग मिथुनचा लागला, आणि ती खुर्चीतून अर्धी उठलीच. पाठमोरी वेणी, तिच्यात खोचलेला टेस्टर, तारा पिळणारी बोटं आणि तिची टकळी! यानं कधी काढला हा? हॉल खदखदत होता. मागून एक मुलगी उठली. “आमच्या घरी पण बटणाला झिणझिण लागतं. ते कसं बघायचं?” निशिगंधा उभं राहून सांगायला लागली ती थांबेचना. रूथ मॅडम नुसत्या गालात हसल्या.

एसटी स्टँडवर मिथुन तिला सोडायला आला. पावसानं त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

“तुझे नाच बघितले मी. भारी नाचतेस.”

“पण?”

“पण स्टुलावर होतीस ना… तेव्हा कुणी बघतंय, हे तुला ठाऊकच नव्हतं. ती… मला आवडली.”

“ती कोण?”

“तू गो!” त्याचे कान लालभडक झाले.

गाडी लागली. निशिगंधानं फोनवर पटकन काहीतरी दाबलं आणि पायरीवरून वळली. “एकोणतीस.”

“काय?”

“तुझे फॉलोअर. आणि ऐक… मला पण. आवडलास.”

घरी पडवीत बाबा वाल निवडत बसले होते. आईनं तिच्याकडे निरखून बघितलं. “काय गो, एवढी का फुललीस?”

निशिगंधानं दप्तरातून अर्ज काढला. बाबांनी निमूटपणे पेनासाठी हात पुढे केला. तिनं अर्जाचे दोन तुकडे केले, मग चार.

“बाबा, सही नको. इलेक्ट्रिकल मी पूर्ण करणार. आणि पेज पण सोडणार नाय! नाचीन, पण वायरिंग पण दाखवीन, आपल्या बोलीत, सगळ्यांना कळेल असं. पहिला व्हिडिओ आपल्याच मीटरच्या बोर्डाचा. शूटिंगला पेणचा मिथुन येतोय, पुढच्या रविवारी. आई, चहा एक कप जास्त टाक… आणि बाबा, त्याला पहिलाच प्रश्न फॉलोअर किती असा विचारू नका. तो माझा हाय!”