गोजराबायचं आवतान

सुनयनाला आपल्या कामाचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आणि तो खोटाही नव्हता. कोपरखैरण्याच्या त्या पुनर्वसन केंद्रात मोठ्या हॉस्पिटलांतून सुटलेले पेशंट महिना-दोन महिने राहायला येत. कुणाला पुन्हा चालायला शिकायचं असे, कुणाला घास गिळायला. वाचा गेलेले पेशंट सुनयनाच्या वाट्याचे. आठ वर्षांत किती जणांना बोलतं केलं असं कुणी विचारलं, की ती "मोजले नाहीत" म्हणायची. मोजलेले होते.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती नवी फाइल घेऊन नऊ नंबरच्या खाटेकडे गेली. खाटेवर गोजराबाय होत्या. सत्तरीच्या, जवळच्याच गावठाणातल्या आगरी बाई. मेंदूच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं पार गेलं होतं. समजत सगळं होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायचा आणि त्या चिडून मान फिरवायच्या.

शेजारी त्यांची नात सुचिता बसली होती. "मॅडम, आजी धवलारीण आहे," ती म्हणाली. "म्हणजे आमच्यात लग्नाची सगळी गाणी तीच गाते. भटजी असतोच हो, पण धवलारीण गायल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाय. माझं बारा मेला आहे. पप्पांना क्लिअर सांगितलंय, दुसरी कोणी बोलवायची नाय. आजीच गाणार."

हे ऐकून गोजराबायनी हनुवटी वर उचलली. तोंडातून एक अक्षर निघत नव्हतं, पण ताठा जागच्या जागी होता. सुनयनाला ही बाई तिथल्या तिथे आवडली.

बोलणं गेलं तरी गाणं पुष्कळदा शिल्लक राहतं, हे सुनयनाला ठाऊक होतं. अशा पेशंटबरोबर आपण गायचं, त्याच्या हातावर ताल धरायचा, मग आपला आवाज हळूहळू कमी करत न्यायचा. पेशंट एकटाच गात राहतो, आणि त्या गाण्यातून पुढे शब्द सुटे होतात. तिने विचारलं, "आजींना सगळ्यांत पाठ कुठलं गाणं आहे?"

"आवतानाचं. लग्नात पहिलं तेच," सुचिता म्हणाली. "देवांना बोलवायचं, मग गावातल्या गेलेल्या माणसांना. एकेकाचं नाव घेऊन. माझ्या फोनमध्ये आहे."

तिने फोन काढला मात्र, गोजराबायनी डावा हात त्यावर दाबून धरला. मान जोरजोरात हलवली. डोळ्यांत पाणी आलं. सुनयनाने तो हात हलकेच बाजूला केला. पहिल्या दिवशी नाही म्हणत नाही असा पेशंट तिने पाहिलाच नव्हता.

"हट्ट नाही करायचा, गोजराबाय. रोज दोनदा गायचं. मी पण गाते तुमच्याबरोबर."

तिसऱ्या दिवशी आवाज फुटला. "आवतान धाडलं गो… मांडवान या…" जाडसर, खारवलेला आवाज, पण सुरात पक्का. सुचिता हुंदके देत रडली. सुनयनाने ही बातमी डॉक्टरांना सांगितली, वडूजला आईला फोन करून सांगितली, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. तिची छाती अभिमानाने भरून आली होती.

केंद्रात दोन ते चार ही विश्रांतीची वेळ. पडदे ओढलेले, दिवे बंद, नातेवाइकांना मज्जाव. त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर एक वास येऊ लागला. ओल्या हळदीचा, भिजवलेल्या तांदळांचा आणि त्याखाली खाडीच्या चिखलाचा. फिनेल बदलून पाहिलं, वास तसाच.

दहा नंबरला कोंडिबा होते. एपीएमसी मार्केटात उभा जन्म कांद्याच्या गोण्या वाहिलेले माथाडी, खुबा मोडून पडलेले. एका दुपारी त्यांनी सुनयनाला खुणेने जवळ बोलावलं.

"बाई, हे वऱ्हाड कुणाचं म्हणायचं?"

"कुठलं वऱ्हाड, मामा?"

"ते काय… भिंतीकडंच्या खुर्च्यांवर. सकाळी चारच होती. आता जागा न्हाई बसायला. पाणी मागत न्हाईत, पान खात न्हाईत… नुसती बसल्यात."

भिंतीलगत प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्च्यांची लांबच लांब रांग होती. सुनयना हसली आणि कोंडिबांच्या वेदनाशामक गोळीचा डोस डॉक्टरांना विचारायचा, अशी मनाशी नोंद केली. जाता जाता तिचा हात एका खुर्चीच्या पाठीला लागला. खुर्ची गरम होती, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला, विश्रांतीची वेळ संपायची वाट न बघताच, तिने गोजराबायच्या हातावर ताल धरला. दोघींनी गाणं सुरू केलं. नेहमीप्रमाणे सुनयनाने आपला आवाज कमी केला… आणखी कमी केला… आणि थांबवला. गोजराबाय गात होत्या. पण त्या एकट्या गात नव्हत्या. त्यांच्या आवाजाखाली दुसरे आवाज होते. म्हातारे, बायकांचे, एक तर अगदी फुटका. प्रत्येक नावामागून भिंतीकडून कुणीतरी हलकेच हुंकार देत होतं.

गोजराबायनी गाणं तोडलं आणि सुनयनाचं मनगट घट्ट पकडलं. मग, न गाता, एकेक शब्द उचलून ठेवत त्या बोलल्या.

"रोज… बोलावतंस. रोज… येतान. मांडव… कुठं हाय?"

सुनयनाच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच क्षणी तिला आनंदही झाला. झटक्यानंतरचं पहिलं स्वतःचं वाक्य! क्रियापदंसुद्धा जागच्या जागी!

पुढचं चार वाजता आलेल्या सुचिताने समजावून सांगितलं, तेही पांढऱ्याफटक चेहऱ्याने. आवतान एकदाच द्यायचं असतं, मांडव उभा राहिल्यावर. लग्न लागलं की पाहुण्यांना नाव घेऊन परत वाटेला लावायचं. "आजी पहिल्या दिवशी तेच सांगत होती, मॅडम. आपण ऐकलंच नाय. मला पण सुचलं नाय."

"परतीचं… शिकव," गोजराबाय म्हणाल्या. "त्याबिगर… मी घरा जायची नाय. लग्नान… पन गायची नाय."

आता सुनयनाची झोप उडाली. वाचा गेलेल्या माणसाला सगळ्यांत अवघड काय, तर नावं. चमचा आठवतो, पोटच्या पोराचं नाव आठवत नाही. आणि इथे तर आवतानात ओघाने येणारी छत्तीस नावं परतीला एकेक सुटी घ्यायची होती, तीही न चुकता. दोघी रोज भिडल्या. गोजराबाय घामाघूम व्हायच्या, चिडायच्या, स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. हार मानणं त्या बाईच्या रक्तातच नव्हतं.

नऊ मेच्या दुपारी त्या उठल्या. डाव्या हातात काठी, उजव्या बाजूने सुनयनाचा आधार. भिंतीकडच्या पहिल्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या आणि गायल्या. "कान्हा नाखवा, उठा जी, वाटंला लागा…" खुर्ची करकरली. त्या पुढे सरकल्या. एक नाव, एक खुर्ची. एकही नाव अडखळलं नाही. छत्तिसाव्या नावाला वॉर्डातला वास ओसरला आणि दुपार पुन्हा साध्या दुपारीसारखी झाली. सुनयनाला वाटलं, आता हिला कडकडून मिठी मारावी.

पण गोजराबाय शेवटच्या खुर्चीकडे बघत होत्या.

"यो कोन? यो आमचा नाय."

"कोण… कुठे?"

"खाकी कपरं. गल्यान चामड्याची पिशवी. तुज्याकडंच बगतंय… हसतंय."

सुनयनाने ती पिशवी ओळखली. तिचे वडील, हौसेराव, एसटीत कंडक्टर होते. तिकीट फाडता फाडता अख्ख्या गाडीला ऐकवायचे, 'माझी लेक गेलेली वाचा परत आणायचं शिकतीय.' ती दुसऱ्या वर्षाला असताना हृदयविकाराने गेले. तिचा एकही पेशंट त्यांनी पाहिला नाही.

"मी नाय बोलावला याला," गोजराबाय म्हणाल्या. "माज्यासंगती तू गायलंस. तुजा पाहुना, तूच वाटंला लाव. नाव घे."

सुनयनाने तोंड उघडलं… आणि मिटलं. रिकाम्या खुर्चीकडे बघताना तिला भीती नाही वाटली. वाटलं, बघू दे की थोडे दिवस. लेक काय करते ते बघू दे.

गोजराबायनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या खाटेकडे वळल्या.

बारा मेला त्या मांडवात अशा गायल्या, की बोलत असलेलं वऱ्हाड गप्प झालं. त्यांच्या मुलाने, हरेशने, सुनयनाला पुढे बोलावून सगळ्यांदेखत साडी दिली. तिला वाटलं, हे पण त्यांनी बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वॉर्डात आली तेव्हा कोंडिबा तिची वाटच बघत होते.

"बाई, तुमचं वडील लई बोलत्यात बघा. खाटंखाटंला जाऊन सांगत्यात, ही माझी लेक."

सुनयनाचा ऊर भरून आला. डोळे पुसत ती हसली. "आणखी काय म्हणतात?"

कोंडिबा घुटमळले. "म्हणलं… लगनाचं आवतण आलं म्हणून आलो, पण लगीन काय दिसंना. आता निघतो म्हणलं." त्यांनी आवाज खाली आणला. "दोन तिकिटं फाडली त्यांनी. म्या म्हणलं, दुसरं कुणाचं…? तर नुसतं हसलं."

सुनयना तशीच वळली आणि शेवटच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. तिने गाणं उचललं आणि परतीचं सगळं म्हटलं, शेवटी वडिलांचं नाव घेतलं. "हौसेराव… उठा जी… वाटेला लागा…" शब्द एकही चुकला नाही.

खुर्ची करकरली. तिने सुटकेचा श्वास सोडला.

मग शेजारची खुर्ची करकरली.

तिने वळून कोंडिबांकडे पाहिलं. ते उशीवर कसेबसे उठून बसले होते आणि त्यांनी हात जोडले होते. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर तिला ओलांडून दाराकडे लागली होती, दोन माणसं चालत जावीत तशी हळूहळू सरकत.

"सांभाळून जावा, बाई. वडलांचा हात सोडू नगा," ते दाराकडे बघत म्हणाले.