वरच्या वळणावरची शिट्टी

दादाच्या रॅलीतल्या जोडीदाराचा पाय ऐन वेळी मुरगळला, म्हणून मी गेले. एरवी मोटारींच्या शर्यतीशी माझा संबंध एवढाच, की माझा थोरला भाऊ दरवर्षी जंगलातल्या रॅलीला मार्शल म्हणून जातो आणि येताना बुटांना लावून चिखल घरभर आणतो. या कामाचा मोबदला म्हणजे एक नारिंगी जाकीट, थंड झालेला डबा आणि दोन दिवस दुखणाऱ्या पोटऱ्या. हौसेला मोल नसतं, असं वहिनी म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

मी जाण्याचं दुसरंही कारण होतं. दादाला ऐकू कमी येतं. सारा जन्म गॅरेजात गेला. हवेच्या दाबावर चालणारी अवजारं, घणाचे घाव, ताणलेली इंजिनं. बारीक, चिरके आवाज त्याचे आधी गेले. दारावरची घंटा, पक्षी, कुकर. मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते, त्यामुळे मला हे कळायला यंत्राची गरज नव्हती. पण त्याला सांगायची सोय नाही. ‘मळ साठलाय’, एवढंच त्याचं निदान. बहीण कानांची जाणकार आणि भाऊ असा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मार्शलला गाडी ऐकू आली नाही तर काय होईल ते तूच सांग," वहिनी फोनवर म्हणाली. "या वेळेपुरते त्याचे कान हो."

सकाळी जंगलाच्या तोंडाशी सगळ्यांना कामं वाटून दिली. प्रमुख होते एक निवृत्त खलाशी. सगळे त्यांना कप्तान म्हणत. त्यांनी मला शिट्टी, लाल झेंडा आणि वॉकीटॉकी दिली आणि नियम समजावला. "गाड्या वरून खाली येणार. गाडीचा आवाज आला की शिट्टी मारायची, लोकांना पट्टीच्या मागे घ्यायचं. लाल झेंडा मी सांगितल्याशिवाय दाखवायचा नाही. आणि कितीही वाटलं तरी रस्त्यात उतरायचं नाही. गाडी आपल्याला बघून थांबेल हा माणसाचा भ्रम असतो."

आमची जागा एका उताराच्या वळणावर होती. सरळसोट उंच झाडं, खाली ओल्या पाल्याचा थर, त्यातून खडी टाकलेला अरुंद रस्ता. वळणाच्या बाहेरच्या अंगाला छातीभर उंचीचा मातीचा बांध होता, त्यावर आम्ही उभे राहायचो; प्रेक्षकांना अडवायला तिथे झाडांना प्लास्टिकची पट्टी बांधली होती. वर रस्ता झाडांत शिरून दिसेनासा व्हायचा. प्रेक्षक म्हणजे एक वयस्क नवराबायको आणि त्यांचा तांबूस कुत्रा. बाईंनी घडीची खुर्ची आणली होती आणि विणकाम.

"शर्यत यांची," नवऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "मी आणि हा कुत्रा नुसते सोबतीला."

"मीही तशीच," मी म्हटलं.

पहिली गाडी यायच्या आधी दादा माझ्या शेजारी उभा राहून जाकिटाच्या चेनशी झटापट करत होता. एकाएकी त्याने मान वर केली आणि एक पाऊल मागे घेतलं.

"आली," तो म्हणाला. "शिट्टी झाली वरून."

मला काही ऐकू आलं नव्हतं. पानांची सळसळ, सुयांची टिकटिक, बस्स. बराच वेळ गेला आणि मग लांबून इंजिनाचा आवाज आला. मी शिट्टी मारली. गाडी झाडांतून सुटली, मागचं अंग फेकत वळणावरून गेली, खडीचे दाणे बांधावर आपटले. पट्टी फुगली आणि सैल पडली. कुत्रा जीव तोडून भुंकला.

मी शिट्टी मारली तेव्हा दादा माझ्याकडे पाठ करून उभा होता. तो हलला नव्हता. ती त्याला ऐकूच गेली नव्हती, हातभर अंतरावरून.

दुसऱ्या गाडीला तेच झालं, आणि तिसऱ्यालाही. आधी दादा मागे सरायचा, मग शांतता, मग मला इंजिन ऐकू यायचं. मी मनाशी उत्तर तयार केलं. ऐकू कमी येणारी माणसं तळपायांनी ऐकतात. जमीन थरथरते, ते त्यांना आपल्याआधी कळतं, आणि मेंदू त्याला आवाजाचं नाव देतो. माझ्याकडे असे पुष्कळ येतात. उत्तर चांगलं होतं. मी त्यावर समाधानी होते.

"कसली शिट्टी रे ऐकतोस?" मी त्याच्यासमोर जाऊन, ओठ दिसतील असं विचारलं.

"वरच्या वळणावरचा वाजवतोय ना. हुशार गडी आहे, गाडी निघाली की लगेच इशारा देतो." त्याच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. "चिमणे, किती स्वच्छ येतेय गं. अगदी टोकाचा बारीक सूरसुद्धा. आपण लहान असताना यायची तशी."

मला आनंद व्हायला हवा होता.

पहिली फेरी संपल्यावर गाड्या दुसऱ्या रस्त्याने पुन्हा वर जाऊन उभ्या राहीपर्यंत मधली सुट्टी होती. नवराबायकोने डबा उघडला. मी वॉकीटॉकीवर कप्तानांना सहज म्हटलं, "वरच्या वळणावरच्या मार्शलना आमचे आभार सांगा. शिट्टीचा फार उपयोग होतोय."

थोडी खरखर झाली. "वरच्या वळणावर कोणी नाही. माणसं कमी पडली म्हणून ती जागा या वेळी रिकामीच ठेवलीय. लांबून बघणाऱ्यांपैकी कोणी वाजवत असेल."

"तिथे लोक आहेत का?"

"तिथे जायला वाट नाही," कप्तान म्हणाले आणि दुसऱ्या कोणाशी बोलू लागले.

मी दादाला हे सांगितलं नाही. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून, चाकांनी पडलेल्या चऱ्या बुटाने बुजवत होता. सुट्टीत एवढी मुभा होती. मीही उतरून त्याच्याजवळ गेले. ऊन झाडांतून तिरपं पडलं होतं. मला वाटतं आम्ही वहिनीविषयी काहीतरी बोलत होतो.

दादाने माझा दंड धरला आणि मला बांधावर ओढलं. असं ओढलं, की नंतर तिथे त्याच्या बोटांचे वळ दिसत होते.

"अरे, गाड्या वर थांबल्यात—"

"शिट्टी झाली."

आम्ही उभे राहिलो. काही आलं नाही. इंजिन नाही, चाकं नाहीत. एक खडाही हलला नाही. बाई विणत होत्या, नवरा डब्याचं झाकण लावत होता.

पट्टी मात्र फुगली आणि सैल पडली.

वारा असेल, असं मी म्हणाले असते. पण मी कुत्र्याकडे बघितलं. तो बसल्या जागी, कान टवकारून, मान फिरवत होता. वरच्या झाडांकडून वळणाकडे, वळणावरून खाली. प्रत्येक गाडीला भुंकणारा कुत्रा. या वेळी त्याने तोंड उघडलं नाही.

"जरा गारवा आला, नाही?" बाई म्हणाल्या आणि शाल ओढून घेतली.

दुसरी फेरी सुरू झाली. मी आता गाड्या बघत नव्हते, दादाला बघत होते. त्याने मागे सरावं, मग मला इंजिन ऐकू यावं. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी बरोबर. मी तळपायांचा हिशेब सोडून दिला होता. मला फक्त हवं होतं की हे असंच सुरळीत संपावं, घरी जावं, अंघोळ करावी.

मग मला इंजिन ऐकू आलं आणि दादा हलला नाही.

मी शिट्टी मारली. नवराबायको मागे झाली. दादा बांधाच्या कडेवर तसाच उभा.

"दादा, मागे हो! गाडी येतेय!"

"नाही," तो म्हणाला. "वरून शिट्टी नाही आली."

"मला ऐकू येतेय ती!"

"येत असेल. पण ती येणार नाही."

आवाज वाढत होता. झाडांतून उतरत, चढत्या सुरात, जवळ, आणखी जवळ.

आणि तुटला.

मोडल्याचा आवाज नाही. आपटल्याचा नाही. वाचता वाचता कोणी पुस्तक मिटावं तसा.

मी वॉकीटॉकी तोंडाशी नेईपर्यंत कप्तानांचा आवाज आला. गाडीशी संपर्क तुटला होता, पुढच्या गाड्या त्यांनी रोखल्या होत्या. "लाल झेंडा घ्या आणि वर जा. जपून."

आम्ही चढ चढलो. दादा पुढे, मी मागे. रस्ता मला वाटला त्याहून लांब होता. वरच्या वळणावर गाडी दोन झाडांच्या मधे तोंड खुपसून उभी होती. नाकाचा पार चुरा झाला होता, वाफ निघत होती. समोर रस्त्यावरच एक जुनं झाड आडवं पडलं होतं.

चालक आणि त्याची नॅव्हिगेटर, म्हणजे शेजारी बसून वळणं वाचून सांगणारी मुलगी, दोघं रस्त्याकडेच्या बांधावर बसले होते. कोणाला खरचटलंही नव्हतं. चालक आपल्या गाडीकडे बघत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मघाशी नव्हतं हे झाड. मघाशी नव्हतं."

मुलगी शांत होती. मी तिच्यासमोर बसले, कानांशी चुटकी वाजवली. तिने डोळ्यांची पापणीही हलवली नाही. दणक्याने असं होतं, तासाभराने उतरतं. मी ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "मी बोलतेय ते ऐकू येतंय?"

"नाही," ती जरा मोठ्याने म्हणाली. "काहीच येत नाही. त्यांचंच तेवढं आलं."

"कोणाचं?"

"तुमच्यापैकी जे आहेत ना इथे. म्हणाले, पट्टा सोड, तुझ्या बाजूचं दार उघड, याला हाताला धरून बाहेर काढ आणि बांधावर जाऊन बस. घाबरू नकोस, खालून दोघं येताहेत." तिने आमच्याकडे बघितलं, मी आणि दादा, आणि मोजणी पटल्यासारखी मान हलवली.

"इथे कोणी नव्हतं," चालक म्हणाला. "मी शुद्धीत होतो. ही आपणहून उठली."

"कसे होते दिसायला?" मी तिला विचारलं.

"बघितलं नाही. मागून बोलत होते."

मी उठून गाडीपाशी गेले. मागे सीट नव्हतीच. लोखंडी नळ्यांचा सांगाडा होता आणि पट्ट्यांनी आवळलेलं एक जादा चाक. त्यांच्या मधल्या फटीत मांजर बसलं असतं, माणूस नाही.

दादा पडलेल्या झाडापलीकडे उभा होता. रस्त्याच्या कडेला, जिथे मार्शल उभा राहिला असता, त्या जागेकडे तो बघत होता. तिथे गवत होतं, सरळ उभं, कोणी न तुडवलेलं. मी पोहोचले तेव्हा तो काहीतरी बोलून नुकता गप्प झाला होता.

"कोणाशी बोललास?"

"आभार मानले," तो म्हणाला.

शर्यतीचा तो टप्पा रद्द झाला. कप्तानांनी आमची पाठ थोपटली. घरी जाताना गाडीत मी शेवटी विचारलंच, की त्याला काय वाटतं, काय होतं ते. दादाने समोरच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली. मला वाटलं ऐकू आलं नसेल.

"तुला सगळं ऐकू येतं," मग तो म्हणाला, राग नव्हता त्यात. "मला एकच गोष्ट येते. मी तिची चिरफाड कशाला करू?"

मला ते लागलं. कारण तो आमच्या दोघांच्या मधे एक दार लावून घेत होता आणि आतल्या बाजूला तो होता.

पण एक झालं. त्यानंतरच्या आठवड्यात तो स्वतःहून दवाखान्यात आला. "घे बाई तपासून. तुझ्या वहिनीला तरी गप्प करता येईल." मी त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि काचेच्या अलीकडे माझ्या टेबलाशी येऊन बसले. ऐकू आलं की बटण दाबायचं, की माझ्यासमोर दिवा लागतो. जाड आवाज त्याने बरे ओळखले. मग मी बारीक आवाजांकडे गेले आणि दिवा लागायचा थांबला. मी आवाज वाढवत नेला. तो समोर बघत, निमूट बसून होता. शिट्टीच्या उंचीच्या आवाजांना तर काहीच नाही. आलेख कड्यावरून पडावा तसा खाली आला होता. मी पुष्कळ आलेख काढलेत. हा सख्ख्या भावाचा होता.

मी यंत्र बंद केलं. चष्मा काढून डोळे पुसले.

दिवा लागला.

यंत्राकडे बघितलं. बंद होतं. दिवा विझला आणि पुन्हा लागला.

काचेपलीकडे दादा उठून उभा राहिला होता. त्याने हेडफोन उतरवले, खुर्ची बाजूला केली आणि पाठ भिंतीला लावली. मग तळवा पुढे करून मला खूण केली. मागे हो.

मी हसून काहीतरी म्हणणार होते. पण माझी पावलं आधीच मागे गेली होती, कपाटापर्यंत.

खोलीत काही हललं नाही. एअर कंडिशनरची घरघर होती. बाहेर कोणीतरी पुढचा नंबर पुकारत होतं.

दादाची मान हळूहळू फिरत होती. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यापासून, काचेवरून, माझ्या टेबलावरून. माझ्यापाशी येऊन ती थांबली.

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या शेजारी बघत होता. आणि ओळखीच्या माणसाला करावी तशी, त्याने मान लववली.