वर कुणी मोजलंच नव्हतं!

"आयुष, किसनमामांना पंधरा मिनिटं बाहेर अडकवून ठेवायचं!" मैत्रीने भावाला फर्मावलं.

"आणि नाही अडकले तर?"

"सायकलची चेन पाड आणि रडका चेहरा कर. तुला काही वेगळं करावं लागत नाही!"

"वा गं वा! आणि तुम्ही दोघी?"

"आम्ही इंजिन मोजणार," मैत्रीची मैत्रीण ओवी ऐटीत म्हणाली.

मे महिन्याच्या सुट्टीत शहाणी पोरं आंबे खाऊन झोपतात. ही तिघं भर उन्हात कुरुळीच्या गॅरेजमागे टायरांच्या ढिगाआड दबा धरून बसली होती! कारणही तसंच होतं. मैत्री आणि आयुषच्या पप्पांची, म्हणजे धम्मरत्न यांची, कंपनीतली नोकरी सुटली, तेव्हा त्यांनी जुना तीनचाकी टेम्पो घेतला. सोमवारपासून चाकणच्या एका कंपनीत कॅन्टीनचं जेवण पोचवायचं काम मिळालं, आणि नेमका टेम्पो निळा धूर ओकायला लागला. सोमवारी गाडी लागली नाही तर काम गेलं. काम गेलं की बिऱ्हाड उचलून गावी, हिंगोलीला. मग मैत्रीची शाळाही गेली आणि बाकावर शेजारी बसणारी ओवीही. आज शनिवार होता.

पिस्टनवरच्या रिंगा, म्हणजे लोखंडी कड्या, झिजल्या की ऑइल वर चढून जळतं. म्हणून पप्पांनी नव्या रिंगांचा पुडा आणला होता. पण गॅरेजवाल्या किसनमामांनी जुनी रिंग सिलिंडरमध्ये खालच्या तोंडातून सारली, तिच्या दोन टोकांमधली फट बघितली (झीज जास्त, तितकी फट मोठी) आणि म्हणाले, "रिंगा झ्याक हायती! धूर किरकोळ हाय. पुडा फोडू नगा, दुकानात परत द्या." पप्पांना तेच ऐकायचं होतं. मान डोलावून मोकळे! घाईत असलेली मोठी माणसं अशीच वागतात, आणि वर मुलांना 'नीट बघत जा' म्हणतात.

मैत्रीने मात्र सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं होतं. वरच्या टोकाशी नख अडकलं. खाली कुठेच अडकलं नाही. असं का?

ओवीने आजोबांना विचारलं. सदाशिव आजोबांनी तीस वर्षं कंपनीत माल तपासला होता. "एका जागी मोजणं म्हणजे न मोजणं!" ते गरजले आणि त्यांनी फीलर गेज काढून दिला. ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा होता तो.

"मामाऽऽ, चेन पडली!" समोरून आयुषने गळा काढला.

"चल!" दोघी आत घुसल्या. ओवीने जुनी रिंग खालच्या टोकाला बसवली. फटीत एकच पट्टी जेमतेम गेली.

"मामा खोटं नव्हते बोलले," मैत्री पुटपुटली.

"आता वर!"

एक पट्टी गेली. दोन गेल्या. तीन एकत्र घातल्या, तरी हलतच होत्या!

"सापडलं! रिंगा बदलायलाच हव्यात!" मैत्रीने उडी मारली. "सोमवारी गाडी निघणार!"

"नाचू नकोस. नवी घालून बघू."

"पुडा फोडला तर दुकानदार परत घ्यायचा नाही!" मैत्री कचरली.

पण शेवटी तिनेच तो फोडला. नवी रिंग खाली चोख बसली. वर मात्र पुन्हा तीन पट्ट्या आत गेल्या, जराशा घट्ट, इतकंच. म्हणजे दोष रिंगांचा नव्हता!

"आरं, पुडा फोडला व्हय, पोरींनो!" दारात किसनमामा कडाडले. त्यांच्यामागे पप्पा होते, आणि कान चोळत आयुष.

"मामा, आधी वर मोजा!" मैत्री म्हणाली.

मामांनी मोजलं आणि मटकन स्टुलावर बसले. "खाली रिंग पोचतच न्हाई, तवा तिथं झीज न्हाई. आन म्या येड्यानं तिथंच मोजलं! धम्मभाऊ, सिलिंडरच खाल्लंय, वरनं झिजून रुंद झालंय. नव्या रिंगा टाकूनबी धूरच. बोअर करून, म्हंजी आतनं कापून सारखं करून, मोठा पिस्टन टाकावा लागंल."

"आज होईल?"

"चिंचवडला मशिनवाल्याकडं आठ दिसांची रांग हाय."

पप्पांचा चेहरा उतरला. "आणि आहे तशीच जोडली तर?"

"दोन दिस चालंल. तिसऱ्या दिशी भरल्या जेवणासकट हायवेला बसंल."

पप्पांनी कंपनीत फोन लावला. "साहेब, सोमवारी गाडी लागणार नाही... नाही, आठ दिवस थांबा कसं म्हणू? दुसरा माणूस बघा."

तेवढ्यात सदाशिव आजोबा आले. सगळं ऐकून त्यांनी मैत्रीची पाठ थोपटली. "शाबास! आमच्या खात्यातसुद्धा असा तपासनीस नव्हता!"

"वीस वर्सं इंजनं खोलतोय राव, आज पोरींनी शिकिवलं!" मामा म्हणाले.

"तू मोजलं नसतंस तर तिकडची माणसं उपाशी राहिली असती," पप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस, बाळा."

"पप्पा, मग हिंगोली?" आयुषने हळूच विचारलं.

"शाळा सुरू व्हायच्या आत."

"नकोय मला शाबासकी!" मैत्री ओरडली आणि ओवीच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली. "ओवी, परत मोज ना गं. एकदाच!"

ओवीने डोळे पुसले, रिंग नीट सरळ बसवली आणि परत मोजलं.

"तीनच," ती म्हणाली.