बुजवलेला झरोका

"लेकरू खाल्लंस गं, कैदाशिणी!"

नर्मदाबाईंच्या हातातला लिंबाचा पाला अंगणातच गळून पडला. समोर त्यांची थोरली सून कडूबाई, तिच्या पदरात पाच दिवसांचा निपचित जीव... आणि ओसरीवर धाकटी सून पंचफुला, ओली बाळंतीण, डोळे मिटून पडलेली!

कडूबाईची कूस उजवली नाही, म्हणून बाळंतखोलीचा उंबरा तिला बंद होता. पेडगावात थंडी पडली, तशी सासूबाईंनी खोलीचा एकुलता एक झरोका चिंध्या कोंबून शेणामातीनं लिंपला, बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली, वर ओव्याची धुरी. "बाळंतिणीला वारं लागलं, की जन्माचं दुखणं!" ज्ञान मोठं हो सासवांचं, स्वतःच्या नाकपुड्या मात्र अंगणातल्या मोकळ्या हवेत!

सकाळपासून पंचफुला आतून विनवत होती, "आक्का, डोकं फुटायलंय... जीव गुदमरायलाय..." मग तेही थांबलं. लेकराचं रडणंही थांबलं.

कडूबाईनं पहार घेतली आणि बाहेरूनच झरोका फोडला. उंबऱ्याची आण तेव्हाही मोडवेना बिचारीला! पण हाकेला ओ येईना... तेव्हा मात्र ती आत शिरली, लेकरू पदरात घेतलं, जावेला बखोटीला धरून ओसरीवर ओढलं.

आता पाठीवर सासूचे धपाटे पडत होते. ती जागची हलली नाही.

"मारा आत्याबाई, लय मारा... पर वारं आडवू नका. लागू द्या त्याला!"

आणि लेकरू शिंकलं! मग असा टाहो फोडला, की शेजारची सुमनबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून धावत आली. पंचफुलानं डोळे उघडले. "आत्याबाई... आक्का नसती तर आमी दोघं बी नसतो..."

नर्मदाबाई अंगणात गळलेला पाला वेचायला वाकल्या. माफी मागणारी जीभ त्या घरात जन्मलीच नव्हती.

बारशाच्या दिवशी सटवाजी गवंडी भगदाड बुजवायला आला.

"बुजवायचं न्हाई!" नर्मदाबाई कडाडल्या. "खिडकीची चौकट बसव. केवढी, ते माज्या थोरल्या सुनंला इचार!"

मग भरल्या बायकांत त्या उंबऱ्यापाशी आल्या. बाहेर उभ्या कडूबाईचा हात धरला. "आत ये, माय. पाळण्याची पहिली दोरी तुजी."

कडूबाईनं वाकून आधी सासूचे पाय शिवले, मग तो उंबरा. आणि पहारीनं सोलवटलेल्या हातांनी दोरी धरली.