ती गोळी काय औषध आहे?

विस्मरण आता बरं होत असे. ‘पुनर्बंध’ नावाच्या औषधानं मेंदूला बारीकशी सूज येई आणि त्या तासाभरात रुग्णासमोर जो बसेल, त्याची सुटलेली ओळख पुन्हा बांधली जाई. या बसण्याला लोक ‘ओळखबैठक’ म्हणत. मृणालिनीबाईंसमोर मुलगी बसली, बहीण बसली, शेजारच्या आगाऊ बर्वेबाईसुद्धा हौसेनं बसून गेल्या. सगळ्यांची ओळख पटली. नवऱ्याला, धनंजयरावांना, मात्र त्या अजून ‘भाऊ’ म्हणत होत्या. तेही बैठकीला बसले होते, पण उपयोग झाला नव्हता.

“बैठकीच्या वेळी दुसरं कुठलं औषध देता का?” डॉक्टर अवंती शिरोडकरांनी पुन्हा विचारलं.

“छे, औषधबिषध काही नाही. तिनं फारच डोकं धरलं तर गोळी देतो, इतकंच.”

“कसली गोळी?”

“डोकेदुखीची हो, वाण्याकडे मिळते ती. ती काय औषध आहे?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “काका, ती गोळी सूजच उतरवते! दुखणं थांबतं, तशी बांधणीही थांबते. तुमच्या मुलीनं नाही दिली कधी?”

“ती म्हणायची, सोस थोडं. मला नाही बघवत.”

“आता एकच मात्रा उरलीय, तीही जोराची. यानंतर मेंदूला झेपणार नाही. गोळी अजिबात द्यायची नाही. आणि हसतमुखानं बसा. त्या तासात दिसेल तेच सगळ्यात पक्कं बांधलं जातं.”

हसतमुखानं! सांगायला काय जातंय?

बैठक सुरू झाली. कणकवलीला दोघांच्या लग्नात मृणालनं त्यांच्या शर्टावर सोलकढी सांडली होती, ती गोष्ट धनंजयरावांनी सांगायला घेतली. ती अर्ध्यावर यायच्या आत बाईंनी डोकं गच्च धरलं.

“भाऊ, गोळी द्या हो. पाया पडते तुमच्या.”

गोळी खिशातच होती. धनंजयरावांचा हात दोनदा तिथवर गेला. दिली, तर ती जन्मभर आपल्याला परकं समजणार. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. गोष्ट केव्हाच तुटली होती. ती कळवळत होती, आणि ते घामेजलेल्या चेहऱ्यानं नुसते बघत होते.

तास संपला. बाईंनी मान वर केली.

“धनंजय,” त्या म्हणाल्या.

धनंजयरावांना रडूच फुटलं. ते तिचा हात धरायला पुढे झाले, तशी ती अंग चोरून भिंतीला टेकली.

“मी ओरडत होते. आणि तू बघत बसलास.”

“तुझ्यासाठीच गं, मृणाल! सोलकढी आठवते ना? आपलं लग्न?”

तिनं खूप आठवून पाहिलं. तिला फक्त तो बघत बसलेला माणूस आठवत होता.