चौदा जुलैची थाप

“जन्मतारीख सांगा, वार सांगतो!”

पंच्याण्णव साल, अठ्ठावीस फेब्रुवारी. विज्ञान दिनाला आमच्या बेंगळुरातल्या संशोधन संस्था सगळ्यांना दारं उघडतात. तिथल्या एका टेबलामागे हा चष्मेवाला, आणि समोर नुसती पोरींची रांग! धाकट्या बहिणीच्या, भव्याच्या कानात मी म्हटलं, “लबाड दिसतोय मेला. आज तारीख, उद्या फोन नंबर.”

“लबाड नाही हो, पुण्याचा आहे,” तो चक्क मराठीत म्हणाला. “आशय. इथे पीएच.डी. करतो.”

मीही काही कच्ची नाही. दिली ठोकून — “चौदा जुलै, चौऱ्याहत्तर.”

“रविवार!” तो म्हणाला, आणि वहीत टिपून घेतलं की! कशाला? मला तेव्हाच खटकलं.

पुढच्या शनिवारी स्वारी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानात हजर. माझ्या पिशवीवर दुकानाचं नाव छापलेलं होतं ना! मग दर शनिवारी तेच.

“एक रुमाल द्या.”

“मागचा कुठे गेला?”

“हरवला. स्वल्प विसरभोळा आहे मी.”

मी हसले नाही. म्हणजे, तो गेल्यावर हसले. पण ती वही डोक्यातून जाईना. किती जणींच्या तारखा असतील तिच्यात?

चौदा जुलैला, शुक्रवार असूनही तो आला. हातात मैसूरपाकाचा डबा.

“आधी वही दाखवा,” मी म्हटलं.

त्याने मुकाट्याने दिली. पानोपानी गणितं... आणि तारीख एकच. माझी.

“बाकीच्यांच्या?”

“वार सांगितले, विसरलो.”

एवढा संशय घेतला, आणि खोटं बोलले कोण? मीच! सांगितलं तर हा जाईल... आणि तो जायला नको होता मला, अगदी नको होता.

“आशय... ती थाप होती. माझा वाढदिवस अठ्ठावीस फेब्रुवारीला. अण्णा म्हणतात, त्या दिवशी अख्खं शहर माझ्यासाठी दारं उघडतं.”

तो मग बोटांवर मोजू लागला.

“गुरुवार,” तो हळूच म्हणाला. “बघा हं संयोगिता, ही तरी खरी ना?”

“अण्णांना विचारा. आणि... आणखी काही विचारायचं असेल, तर तेही.”

तो कानापर्यंत लाल झाला. अण्णा पलीकडे कापड मोजत होते. मान वर न करताच म्हणाले, “गुरुवारच. सरी, ठीक आहे, आता रुमाल पुरे झाले. रविवारी घरी जेवायला या.”